रानातल्या वेली तोडाव्यात का? आधी कुठलं झाड सोडवायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दोडामार्ग तालुक्यात तुमचं अकरा एकर वडिलोपार्जित रान आहे. अठरा-वीस वर्षांपूर्वी त्यात सरसकट तोड झाली आणि त्यानंतर तिथे कुणी कोयती लावली नाही. आता किंजळ, ऐन, जांभूळ वर आलेत, पण त्यांच्यावर उक्षी आणि इतर वेलींचा असा गराडा पडलाय की काही ठिकाणी खालचं झाड ओळखूच येत नाही. कार्बन क्रेडिटचं, म्हणजे रानाने साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात पैसे मिळवून देण्याचं, काम करणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं की सगळ्या वेली तोडा, रान चौपट कार्बन साठवेल. शेजारचे काका म्हणतात, रान दाट दिसतं ते वेलींमुळेच, हात लावू नका. आता ऐकायचं कुणाचं?

तोडीनंतरची मालकीची रानं पुन्हा उभी करण्याचं काम मी गेली बावीस वर्षं करतेय. माझं उत्तर असं: सगळ्या वेली अजिबात तोडू नका. पण काही निवडक झाडांवरच्या तोडा, आणि त्या याच वर्षी तोडा. तुम्ही विचारलंय की वेली चांगल्या की वाईट. मी तुमच्या जागी असते तर विचारलं असतं की या रानातली कुठली झाडं पुढची पन्नास वर्षं उभी राहायला हवीत, आणि त्यातली कुठली आत्ता वेलीखाली गुदमरतायत.

आधी ते 'चौपट' कुठून आलं ते सांगते. त्यामागे खरा प्रयोग आहे, पण तो सांगताना मधले शब्द गळालेत. पनामा कालव्यासाठी नदी अडवून जो गातून तलाव झाला, त्यात बारो कोलोरादो नावाचं बेट आहे. काष्ठवेलींवरचा, म्हणजे शास्त्रज्ञ ज्यांना लिआना म्हणतात त्या लाकडी खोडाच्या वेलींवरचा, जगातला सर्वांत नेटका अभ्यास याच परिसरात झालाय. बेटाशेजारच्या हिगांते द्वीपकल्पावर २०११ मध्ये ८० बाय ८० मीटरचे १६ तुकडे आखले. आठ तुकड्यांतल्या सगळ्या वेली जमिनीलगत तोडल्या आणि फुटवे येतील तसे तोडत राहिले. उरलेल्या आठांना हात लावला नाही. तीन वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा वेली असलेल्या तुकड्यांत जमिनीवरच्या भागात दरवर्षी पडणारी कार्बनची निव्वळ भर सुमारे ७६ टक्क्यांनी कमी निघाली. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ७६ टक्के घट उलटी वाचली की वेली नसताना भर साधारण चौपट होते, आणि तुमच्या गृहस्थांचा आकडा तोच.

गळालेला शब्द म्हणजे 'भर'. कणगीत आधीपासून असलेलं भात वेगळं आणि यंदा कणगीत पडलेलं भात वेगळं. प्रयोगात चौपट झाली ती यंदाची भर, कणगी चौपट झाली नाही. शिवाय ते रान साधारण ६० वर्षांचं होतं, म्हणजे झाडं चांगली उंच झालेली, वाढीच्या भरात असलेली. तुमच्याकडे वीस वर्षांचं, खुंटाच्या फुटव्यांतून आलेलं रान आहे. तोच आकडा उचलून इथे लावता येत नाही. दिशा मात्र तीच राहील, आणि त्यामागचं कारण समजलं की काय तोडायचं आणि काय ठेवायचं हे आपोआप कळायला लागतं.

झाडाला आपली पानं वर नेऊन धरायची तर खोड जाड करावं लागतं. वेल ते काम दुसऱ्यावर टाकते. तिला स्वतःचा भार पेलायचा नसल्याने ती लाकडावर फार थोडं खर्च करते आणि उरलेलं सगळं पानांत आणि लांबीत घालते. पनामाच्या त्याच प्रयोगात हे मोजलं गेलं. वेली होत्या तिथे जंगलाच्या वर्षभराच्या नव्या वाढीतला ५३ टक्के वाटा पानांत गेला आणि लाकडात फक्त २९ टक्के. वेली नव्हत्या तिथे पानांत ३९ आणि लाकडात ४४. पान वर्ष-दोन वर्षांत गळतं, कुजतं आणि त्यातला कार्बन परत हवेत जातो. लाकडातला शंभर वर्षं राहू शकतो. काकांना जो दाटपणा दिसतो तो खरा आहे, पण तो पानांचा दाटपणा आहे.

हे वजनात पाहू. मनगटाएवढी, म्हणजे ५ सेंटिमीटर व्यासाची वेल घ्या. अभ्यासकांच्या सूत्राने तिचं वाळलेलं वजन साधारण १६ किलो भरतं. तिने पांघरलेलं झाड समजा ३० सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण ९४ सेंटिमीटर घेराचं किंजळ आहे. त्याचं वाळलेलं वजन ५०० किलोच्या आसपास. हे झाड ३५ सेंटिमीटर व्यासाचं झालं की त्यात आणखी दोनशे-सव्वादोनशे किलो पडतात. यातलं निम्मं कार्बन धरा. म्हणजे वेलीने अंगावर घेतलेला कार्बन आणि तिने झाडाला मिळवू न दिलेला कार्बन यांची बरोबरीच होत नाही. पनामातच, झाड पडून मोकळ्या झालेल्या जागांच्या अभ्यासात दिसलं की झाडांची जेवढी वाढ वेलींनी रोखली, तिच्या फक्त २४ टक्के त्यांनी स्वतः भरून काढली. वेलींचं नुकसान त्यांच्या वजनात शोधलं तर सापडत नाही, ते झाडाच्या न वाढलेल्या घेरात असतं.

आपल्याकडे याला एक जास्तीचं कारण आहे: उन्हाळा. बारो कोलोरादोवर वर्षाला साधारण २६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोरडा काळ चारेक महिन्यांचा असतो. तिथल्या मोजणीत पावसाळ्यात वेलींची वाढ झाडांच्या दुप्पट होती आणि कोरड्या दिवसांत सातपट. तिथे चार महिने. आपल्याकडे पाऊस त्याहून जास्त, पण तो चार महिन्यांत उरकतो आणि पुढे सात-आठ महिने कोरडे. झाडं पानं गाळून बसलेली असतात तेव्हा वेल स्वच्छ उन्हात वाढत असते. तिच्या खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या रुंद असतात. उक्षी तोडून पाणी पिणारी माणसं तुमच्या गावात अजून असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मार्चमध्ये उक्षीचं कोपरभर लांबीचं कांडं दोन्ही बाजूंनी झटक्यात छाटून उभं धरलं की खालून पाण्याची धार लागते. आजूबाजूची जमीन तेव्हा भेगाळलेली असते. ते पाणी त्याच मातीतून आलेलं असतं जिथे किंजळाची मुळं आहेत.

इतकं वाचून 'मग तोडूनच टाकू सगळ्या' असं वाटेल. मीही एकदा तेच केलं होतं. कामाच्या चौथ्या वर्षी एका मालकाने दीड एकर पूर्ण मोकळीक दिली आणि आम्ही चार माणसांनी आठवड्याभरात एकही वेल ठेवली नाही. पुढच्या पावसात आत इतकं ऊन पडलं की कडेने रानमोडी हे तण घुसलं आणि दिवाळीपर्यंत छातीएवढं झालं. वेलींखाली सावलीत टिकून असलेली अंजनी आणि जांभळाची रोपं त्याने दाबली. वेलींच्या खुंटांतून फुटवे आले ते वेगळेच. त्या दीड एकरात शेकरूचं एक घरटं वापरात होतं, तेही ओस पडलं, कारण झाडाझाडांतले पूल आम्हीच तोडले होते. नंतरची तीन वर्षं मी तिथे फक्त रानमोडी उपटत होते. ते रान आज बरं आहे, पण वेलींच्या भीतीने सगळं साफ करायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे सांगते.

शेकरूचं म्हटलं तर ते उडी तरी मारतं. लाजवंती, म्हणजे मोठ्या डोळ्यांचं लोरिस हे छोटं निशाचर माकडवर्गीय जनावर, उडी मारत नाही. ती एक फांदी धरून ठेवते, मगच पुढची पकडते, आणि तुमच्या तालुक्यात ती आहे. तिच्यासाठी दोन झाडांमधली पळसवेल म्हणजे रस्ता आहे. शिवाय कोरड्या महिन्यांत, झाडांवर फार काही नसताना, फुलं आणि कोवळी पालवी पुरवतात त्या वेलीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये उक्षी फुलली की तिच्याखाली उभं राहून ऐका, मधमाश्यांचा आवाज वरून खाली येतो. कार्बनच्या हिशेबात याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून निव्वळ कार्बनसाठी रान राखणाऱ्याने जास्त जपून राहायला हवं.

आता कशाकशावर अवलंबून आहे ते. पहिली गोष्ट रानाचं वय आणि इतिहास. जुन्या, न तुटलेल्या रानात वेलींची संख्या आवाक्यात असते. तमिळनाडूत अनमलाई डोंगरात वरगलियार इथे सदाहरित रानाच्या ३० हेक्टरमध्ये मोजणी झाली, तेव्हा हेक्टरी साधारण ३७३ वेली आणि एकूण ७५ जाती मिळाल्या. बारो कोलोरादोच्या ५० हेक्टरच्या तुकड्यात ६७ हजारांवर वेली आहेत, म्हणजे हेक्टरी सुमारे १३५०. वेलींना आवडतो तो प्रकाश, कोरडा काळ आणि चढायला बारीक खांब. सरसकट तोड झाली की हे तिन्ही एकदम मिळतात. म्हणून तोडलेल्या रानात वेली माजतात आणि त्याच डोंगरावरच्या देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, त्या आपल्या जागी असतात. देवरहाटीतली मांडीएवढी गारंबी तुमच्या आजोबांच्याही आधीची असेल. तिला हात लावायचं काही कारण नाही. आणि तसंही गावऱ्हाटीच्या मानकऱ्यांना विचारल्याशिवाय तिथली काडी हलवू नये.

दुसरी गोष्ट वेलीची जात. सगळ्या वेली सारख्या चढत नाहीत. पळसवेल खोडाला पिळा घालते, गारंबी ताण्यांनी धरते, वेत आणि तोरण काट्यांनी अडकत वर जातात, उक्षी आणि पिळूक नुसत्या झाडावर रेलतात आणि मग माथा झाकून टाकतात. वीस वर्षांच्या रानात मला सर्वांत जास्त त्रास शेवटच्या दोघींचा दिसलाय. उंबळी, वावडिंग, सप्तरंगी, मिरवेल या हळू वाढतात आणि बाहेर ओरबाडल्या जातात. तुमच्या रानात त्या असतील तर नशीब समजा आणि ठेवा.

तिसरी गोष्ट, झाडाचा माथा किती झाकलाय. यासाठी अभ्यासक एक सोपी फूटपट्टी वापरतात, तुम्हीही वापरा. माथ्याचे मनात चार भाग करायचे. वेल नसेल तर शून्य, पाव भागापर्यंत असेल तर एक, अर्ध्यापर्यंत दोन, पाऊण भागापर्यंत तीन, त्याहून जास्त तर चार. बारो कोलोरादोवर चार नंबरची झाडं मोकळ्या झाडांच्या दुपटीने मेली. एक आणि दोन नंबरच्या झाडांची काळजी करू नका. तुम्ही तीन आणि चार नंबरवालीच पाहायची, आणि त्यांतलीही सगळी नाही.

बघण्याची वेळ म्हणाल तर फेब्रुवारीअखेर. समोरच्या टेकडीवर जाऊन आपल्या रानाकडे बघा. उक्षीचे हिरवट पांढरे पट्टे लांबून स्पष्ट दिसतात, आणि पानं गाळलेल्या झाडांच्या माथ्यावर हिरवं दिसतंय ते झाडाचं नाही हेही तेव्हाच कळतं. रानाच्या आत उभं राहून हा अंदाज येत नाही.

मग एकरी वीस-पंचवीस झाडं निवडा. सरळ खोडाची, शक्यतो बियांपासून आलेली, माथा अजून जिवंत असलेली, आणि वेगवेगळ्या जातींची. सगळी किंजळं निवडू नका. एखादा बेहडा, एखादी सातवीण, नाणा, कुंभा, रानातलं आंब्याचं झाड असू द्या. प्रत्येकाच्या खोडाला तैलरंगाची बारीक पट्टी मारा आणि त्याच पट्टीवर टेपने घेर मोजून वहीत लिहा. हे तोडण्याआधी करायचं. नंतर करू म्हणणाऱ्यांकडे आधीचा आकडा कधीच नसतो.

तोडताना त्या झाडावर चढलेली वेल दोन ठिकाणी तोडायची, एकदा जमिनीलगत आणि एकदा छातीच्या उंचीवर, आणि मधलं कांडं काढून बाजूला टाकायचं. नुसता एक घाव घातला तर लोंबणारं टोक पावसात जमिनीला टेकून मुळं धरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वर अडकलेली वेल ओढायची नाही. माणसाचा हात हा मोह आवरत नाही, पण ओढली की झाडाचा शेंडा मोडतो, कधी वाळकी फांदी डोक्यात पडते. पनामातही त्यांनी वेली वर तशाच वाळू दिल्या होत्या. आठवडाभरात पानं करपतात आणि पहिल्याच पावसाळ्यात बराचसा पसारा कुजून खाली येतो.

हंगामाबद्दल माझं मत ठाम आहे: तुमच्याकडे दर उन्हाळ्यात वणवा लागत असेल तर हिवाळ्या-उन्हाळ्यात मुळीच तोडू नका. लोंबणाऱ्या वाळक्या वेली म्हणजे जमिनीवरच्या आगीला माथ्यापर्यंत चढायला दिलेली शिडी. अशा ठिकाणी आम्ही पावसाचा जोर ओसरताना, गणपतीच्या आसपास तोडतो. ओलाव्यात पसारा कुजायला लागतो, आणि पुढे कोरडे महिने असल्याने खुंटाला फुटायला फार बळ उरत नाही. फुटवे येतातच. पुढच्या वर्षी त्याच सुमारास एक फेरी, तिसऱ्या वर्षी आणखी एक. तोवर झाडाचा माथा पसरतो आणि त्याच्या सावलीत खुंट थकतो. पक्ष्यांची बहुतेक घरटी उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला असतात, त्यांनाही या वेळेचा त्रास कमी.

काय सोडायचं ते एका दमात सांगते. ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या सगळ्या वेली, दोन मोठ्या झाडांचे माथे जोडणाऱ्या वेली, पोटरीपेक्षा जाड असलेली कुठलीही वेल, आणि शेकरूचं घरटं असलेल्या झाडाभोवतीचं सगळं. निवडलेल्या झाडांखेरीज बाकी रान आहे तसं राहू द्या. अकरा एकरांत निम्म्याहून जास्त वेली जागच्या जागी राहिल्या पाहिजेत.

आता क्रेडिटचा विषय, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झालाय. तोडलेल्या वेली कुजतात तेव्हा त्यांच्यातला कार्बन बाहेर पडतो. पहिल्या वर्षी-दोन वर्षी तुमचा हिशेब थोडा खालीच जाईल. झाडाच्या घेरात फरक टेपवर दिसायला तिसरं वर्ष उजाडतं. त्यामुळे 'पुढच्या वर्षापासून पैसे' असं कुणी सांगत असेल तर त्याला मोजणी कोण करणार, किती वर्षं करणार आणि तिचा खर्च कुणाच्या वाट्याला, हे लेखी विचारा. अकरा एकर म्हणजे साडेचार हेक्टरही नाहीत. एवढ्याशा रानाची मोजणी-पडताळणी स्वतंत्रपणे करणं परवडणं कठीण आहे. वाडीतल्या दहा-पंधरा मालकांनी एकत्र यायचं ठरवलं तर बोलणं वेगळं. आणि कशालाही सुरुवात करण्याआधी सातबारा काढून बघा. त्यावर वनाची नोंद असेल तर वनपालांना आधी भेटा, वेलीच आहेत म्हणून गृहीत धरू नका.

एक गोष्ट राहिली. तुम्ही विचारलं होतं की 'जगभर वेली वाढतायत' हे खरं का. अॅमेझॉनमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मोठ्या वेलींचा वरचष्मा दरवर्षी १.७ ते ४.६ टक्क्यांनी वाढला, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि बारो कोलोरादोवरही वेली चढलेल्या झाडांचं प्रमाण वाढलंय. लांबलेला कोरडा काळ, हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड, तुटलेली रानं, अशी कारणं त्यासाठी मांडली जातात. पण काँगोतल्या इतुरी जंगलात १९९४ ते २००७ दरम्यान वेली उलट कमी झाल्या, कारण तिथली एक अतिशय माजलेली जात कोसळली. म्हणून 'जगभर' हा शब्द मी वापरत नाही. तुमच्या रानात वाढल्यात, आणि त्या वीस वर्षांपूर्वीच्या त्या तोडीमुळे वाढल्यात, एवढं मी तुमच्या वर्णनावरूनही सांगू शकते.

फेब्रुवारीत समोरच्या टेकडीवर जाऊन या. निवडलेल्या झाडांची यादी, जात, घेर आणि माथ्याचा नंबर इथेच लिहा. कुठल्या वेलीबद्दल शंका असेल तर पानाचा, सालीचा आणि आडव्या छेदाचा असे तीन फोटो टाका, नाव आणि ठेवायची की तोडायची ते मी सांगेन. तोवर कोयती घरातच राहू द्या.